डीपीचं चौथं टोक

२०१३ च्या एप्रिलमधली गोष्ट. त्या वर्षी जालना जिल्ह्यात दुष्काळ कसा होता हे वेगळं सांगायला नको, टीव्हीवाले रोज दाखवत होते. आमच्या परतूरला, निदान आमच्या गल्लीत तरी, टँकर कधी येणार यावर घरातले सगळे कार्यक्रम ठरायचे. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो, म्हणजे टँकरपाशी नंबर लावायला घरात हक्काचा माणूस होता.

एका दुपारी दारात एक लाइनमन आला. "आजी, बादलीभर पाणी द्या." आजीने माठातून तांब्या भरून आणला. तर तो म्हणे, "प्यायला नको, डीपीला पाहिजे. अर्थिंगला टाकायचंय."

आजीचा चेहरा मला अजून आठवतो. "माणसाला प्यायला नाही अन् तुमच्या खांबाला तहान लागायली?"

बरीच बोलाचाली झाली. शेवटी भांडी विसळलेलं अर्धी बादली पाणी खरकट्यासकट त्याच्या हवाली झालं. मी त्याच्या मागे मागे गेलो. डीपीच्या पायथ्याशी विटांचा छोटासा हौद, त्यातून वर डोकावणारा गंजका पाइप. त्याने ते पाणी पाइपात आणि आजूबाजूच्या भेगांत ओतलं. काळ्या मातीने ते असं पिऊन टाकलं की खाली ओल दिसायलासुद्धा उरली नाही.

(शहरी मंडळींसाठी खुलासा: डीपी म्हणजे व्हॉट्सॲपवरचा फोटो नव्हे. दोन खांबांवर बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे डीपी म्हणतात. मूळ शब्द 'डबल पोल', पण ते कोणाच्या लक्षात नाही. 'डीपी जळाली' हे वाक्य आमच्याकडे 'पाऊस गेला' या वाक्याइतकंच गंभीर असतं.)

पुढे मी इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घेतलं, बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर पहिल्या वर्षी कसाबसा काढला आणि पुण्यात येऊन इतर हजारोंसारखा कोड लिहायला लागलो. आजीचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. खांबाला तहान का लागते? मागचे काही वीकेंड मी याच्यावर वाचत बसलो होतो. वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम असेल. पण ही भांडणाची गोष्ट निघाली आणि ते भांडण तीस वर्षं चाललं.

आधी थोडं तांत्रिक, लगेच संपवतो. गल्लीतल्या डीपीला वरून ११,००० व्होल्टच्या तीन तारा येतात. खालच्या बाजूला चार टोकं असतात: तीन फेज आणि चौथं न्यूट्रल. दोन फेजमध्ये साधारण ४१५ व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये २४०. ते चौथं टोक तारेने थेट जमिनीत पुरलेलं असतं. म्हणजे कंपनीने लाखो रुपये खर्चून, तेलात बुडवून, चिनीमातीचे बुशिंग लावून सगळं जमिनीपासून वेगळं ठेवलं आणि शेवटी एक टोक मुद्दाम जमिनीत गाडलं. हा वेडेपणा वाटतो ना? १८८०-९० च्या दशकातल्या बऱ्याच शहाण्या माणसांनाही तो तसाच वाटायचा.

ट्रान्सफॉर्मरचा जन्म त्याच काळातला. १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात तिघा इंजिनिअरांनी आजच्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर बनवला आणि १८८६ च्या मार्चमध्ये विल्यम स्टॅन्लीने अमेरिकेत ग्रेट बॅरिंग्टन नावाच्या छोट्या गावातली दुकानं त्याच्यावर उजळून दाखवली. फ्यूज त्याहूनही थोडा जुना, एडिसनने १८८० साली त्याचं पेटंट घेतलं. विचार सरळ होता: करंट जास्त झाला की मुद्दाम बारीक ठेवलेली तार वितळेल आणि बाकीचं वाचेल.

घराकडे जाणाऱ्या दोन्ही तारा तेव्हा जमिनीपासून अलग ठेवायचे, फ्यूजही दोन्ही तारांत. त्यामागचा तर्क आजही पटण्यासारखा आहे. तारेवर बसलेला कावळा मरत नाही, कारण त्याच्यातून करंटला परत जायला वाट नाही. मग घरातली कुठलीच तार जमिनीला जोडलेली नसेल, तर जमिनीवर उभ्या माणसाने चुकून एका तारेला हात लावला तरी काय होणार? काहीच नाही. उलट एक तार आधीच जमिनीत असेल तर दुसरीला हात लागला की मेलाच. मी तेव्हा इंजिनिअर असतो तर मीही याच बाजूने मत दिलं असतं.

पण ट्रान्सफॉर्मरच्या पोटात दोन गुंडाळ्या एकमेकींना खेटून असतात. एक उच्च दाबाची, एक आपल्या घरची. मधे कागद, सूत, तेल. वीज कडाडली, ओल गेली, जुनं झालं, की हे मधलं आवरण फाटतं. आणि मग घरातल्या दिव्याची तार, जी २००-१०० व्होल्टची म्हणून बायका-पोरं बिनधास्त हाताळतात, ती हजारो व्होल्टवर जाऊन बसते. वाईट भाग पुढेच आहे. काहीही होत नाही! दिवा तसाच जळतो, कारण दोन तारांमधला फरक तेवढाच आहे. फ्यूज वितळत नाही, कारण करंटला परत जायला वाटच नाही. सगळी वस्ती शांतपणे हजारो व्होल्टवर तरंगत राहते, कोणीतरी ओल्या हाताने बटण दाबेपर्यंत. आमच्या भाषेत सांगायचं तर सायलेंट फेल्युअर. लॉगमध्ये एक ओळसुद्धा नाही.

कमी दाबाची तार दुसरीकडून 'वर' जाऊ शकते ही भीती पुस्तकी नव्हती. ११ ऑक्टोबर १८८९ ला न्यूयॉर्कमध्ये जॉन फीक्स नावाचा तारकंपनीचा लाइनमन भर दुपारी खांबावर चढला. त्याच्या हाताखालच्या तारा तारायंत्राच्या, म्हणजे किरकोळ दाबाच्या होत्या. त्यातली एक तार बरीच लांब कुठेतरी उच्च दाबाच्या एसी तारेला टेकलेली होती. जेवणाच्या सुट्टीतल्या गर्दीदेखत तो तारांच्या जाळ्यातच मेला. तिथे ट्रान्सफॉर्मरचा दोष नव्हता, पण जात तीच: जी तार निरुपद्रवी समजून हात घातला ती निरुपद्रवी राहिलेली नव्हती.

यावर एलिहू थॉमसन हा अमेरिकन इंजिनिअर सांगत होता की सेकंडरीचं एक टोक जमिनीला बांधा. मग वरचा दाब खाली उतरला तर त्याला जमिनीतून परतीची वाट मिळेल, मोठा करंट वाहील आणि वरचा फ्यूज उडेल. फ्यूजचे डोळे म्हणजे ती जमिनीची तार, ती नसेल तर फ्यूज आंधळा. मला या सगळ्या वाचनात सगळ्यात आवडलेला मुद्दा हाच आहे. फ्यूज आणि अर्थिंग आपण दोन वेगळ्या वस्तू समजतो. ट्रान्सफॉर्मरपुरतं तरी ते एकच यंत्र आहे, दोन जागी बसवलेलं.

ब्रिटिशांनी मधला मार्ग काढला. बोर्ड ऑफ ट्रेडचे विद्युत सल्लागार होते मेजर फिलिप कार्ड्यू. त्यांनी एक डबी बनवली. खाली जमिनीला जोडलेली पितळी चकती, तिच्यावर अॅल्युमिनियमचा पातळ वर्ख आणि वर थोडं अंतर सोडून घराच्या तारेला जोडलेली दुसरी चकती. एरवी तार जमिनीपासून अलगच. पण तिचा दाब काहीशे व्होल्टपलीकडे गेला की विजेच्या ओढीने वर्ख उचलला जाऊन वरच्या चकतीला चिकटतो, तार जमिनीला जोडली जाते आणि फ्यूज उडतात. मिठाईवरच्या वर्खासारखा तुकडा आणि त्याच्यावर सगळ्या घराचा जीव. मला ही डबी फार आवडली. अर्थात वर्ख फाटला तर कोणाला कळणार, हा प्रश्न मनात आलाच. आमच्याकडे अशा कोडचं युनिट टेस्टिंग कोणी करत नाही :-)

विरोध करणारेही थोडेथोडके नव्हते. १८९२ साली न्यूयॉर्कच्या अग्निविमा मंडळाने न्यूट्रल जमिनीला जोडण्याची पद्धत धोक्याची आहे, बंद करा, असं सांगितलं. त्यांचंही चूक म्हणवत नाही. एक टोक जमिनीत असेल तर दुसऱ्या तारेचं आवरण कुठेही खरचटलं की लगेच पाण्याच्या नाहीतर गॅसच्या नळात ठिणगी. विमावाल्यांना आग दिसत होती, इंजिनिअरांना माणसं दिसत होती. तिसरा पक्ष तारखात्याचा. तारायंत्र एका तारेवर चालायचं, परतीची वाट जमीनच. वीजवाल्यांनी जमिनीत करंट सोडले तर तारांच्या कट्ट-कडकट्टमध्ये गोंधळ होणार, म्हणून त्यांना जमिनीशी कोणी खेळलेलं नको होतं. हळूहळू पारडं फिरलं आणि १९१३ मध्ये अमेरिकेच्या विद्युत संहितेने जमिनीच्या तुलनेत १५० व्होल्टपर्यंतच्या सेकंडरीला अर्थिंग सक्तीचं केलं.

आपल्याकडचा कायदा या भांडणाच्या मधोमध लिहिला गेला आणि ते त्यात दिसतं. १९१० चा भारतीय विद्युत कायदा, कलम ३४. त्याचा आशय असा: नियमात सांगितलं असेल किंवा सरकारने खास परवानगी दिली असेल तेवढं सोडून कोणीही आपल्या वीजवाहिनीचा कुठलाही भाग जमिनीला जोडू देऊ नये. म्हणजे डिफॉल्ट काय, तर मनाई. परवानगी हा अपवाद. हे कलम वाचल्यावर मी दोनदा तपासून पाहिलं, कारण आपल्या डोक्यात 'अर्थिंग केलंच पाहिजे' इतकं पक्कं बसलेलं असतं.

आता १९५६ चे भारतीय विद्युत नियम बघा. नियम ६१ म्हणतो की तीन फेज चार तारांच्या पद्धतीत न्यूट्रल जमिनीला जोडलाच पाहिजे, आणि एकदा नव्हे, किमान दोन स्वतंत्र जोडण्यांनी. एक तुटली तर दुसरी. वाटेत आणखी ठिकाणी जोडायलाही मुभा. जुन्या कलमातला अपवाद नियमांनी इतका फुगवला की तोच रिवाज झाला. कलम ३४ मात्र कायद्यात तसंच बसून राहिलं, २००३ च्या नव्या कायद्याने जुना कायदाच रद्द करेपर्यंत. १९५६ चे नियम त्यानंतरही २०१० पर्यंत चालले. मग केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची नियमावली आली आणि २०२३ मध्ये तिचीही नवी आवृत्ती. दोन अर्थिंगची अट जुन्या नियमांतून नव्यांत आली.

परतूरचा यात संबंध असा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा तो १९१० चा कायदा आमचा कायदा नव्हताच. हे नवे नियम आले १९५६ साली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबादमधून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, जूनमध्ये राज्य वीज मंडळ झालं. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणासाठी केंद्राने आरईसी काढली आणि विहिरीविहिरीवर मोटारी बसायला लागल्या. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा इकडे आलं. थोडक्यात, आमच्या भागाने 'जोडू की नको' हा वाद पाहिलाच नाही. आमच्याकडे डीपी आली ती अर्थिंगचा पाइप सोबत घेऊनच. त्यामुळे पाइप का आहे हेही कोणी कोणाला सांगितलं नाही. नियम आला, त्यामागचं भांडण मागेच राहिलं. आणि कारण माहीत नसलं की माणूस काय करतो? जे अनावश्यक वाटतं ते आधी विसरतो.

आता आजीचा मुद्दा. नियमात जमीन म्हटलंय, पण कुठली जमीन? ओली काळी माती हा विजेसाठी चांगला रस्ता आहे. भारतीय मानक ३०४३ मध्ये पाइपच्या अर्थिंगचं सूत्र दिलंय, ते मी एक्सेलमध्ये टाकून बघितलं. ४० मिलिमीटरचा अडीच मीटर पाइप, मातीचा रोध १० ओम-मीटर धरला तर साडेतीन ओम येतात. तीच माती सुकून १०० ओम-मीटर झाली तर पस्तीस. आणि आमची काळी माती नुसती सुकत नाही, आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपला चिकटलेली माती पाइप सोडून मागे सरकते. मग सूत्र कसलं आणि काय, पाइप हवेत उभा. खाली मुरूम आणि दख्खनचा कातळ, त्याच्याकडून काही अपेक्षा नाही. कोळसा आणि मीठ भरतात ते ओल धरून ठेवण्यासाठी, पण मुळात ओल पाहिजे. म्हणजे ज्या महिन्यात माणसाला पाणी नसतं नेमकं त्याच महिन्यात डीपीलाही पाणी लागतं. आणि त्यानंतरच्या महिन्यात, मृगाच्या आधी, विजा पडायला लागतात.

फ्यूजबद्दल मला शिकवलं माझ्या मामांनी. मामा मोटारी भरतात, म्हणजे जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग नव्याने करतात. बाजारात त्यांचं छोटं दुकान आहे, दारात तांब्याच्या जळक्या गुंडाळ्यांचा ढीग. त्यांचं म्हणणं, "डीपीवर खरी फ्यूज तार असती तर माझं दुकान निम्मं चाललं असतं."

प्रकार असा. डीपीखालच्या पेटीत चिनीमातीचे किटकॅट असतात, त्यात कल्हईची तांब्याची तार हिशोबाने टाकायची. ती वारंवार उडते, कारण डीपीवर मंजुरीपेक्षा जास्त मोटारी आणि आकडे. रात्री दोनला पाण्याची पाळी, लाइट आलेली आणि फ्यूज गेलेला. मग लाइनच्या तारेचा उरलेला एक पेड घेऊन तिथे पिळला जातो. मी कोणाला दोष देत नाही. डिसेंबरच्या थंडीत गव्हाला पाणी द्यायला उभ्या माणसाने मानक वाचत बसावं असं कोणी म्हणणार नाही. पण आकडे बघण्यासारखे आहेत.

तार किती करंटला वितळते याचं सूत्र विल्यम प्रीस या ब्रिटिश तारखात्यातल्या इंजिनिअरने १८८० च्या दशकात प्रयोगांनी काढलं. व्यासाचा दीडवा घात, गुणिले धातूचा आकडा. तांब्याला ८०, अॅल्युमिनियमला सुमारे ५९. खेड्यातल्या 'वीझल' तारेचा पेड २.५९ मिलिमीटरचा. गुणाकार केला तर वितळायला सुमारे २५० अँपिअर लागतात. २५ केव्हीएच्या डीपीचा पूर्ण लोडचा करंट आहे ३३ अँपिअर! म्हणजे साडेसातपट झाल्याशिवाय हा 'फ्यूज' हलणार नाही. त्याहून पुढची गंमत: या तारेला किलोमीटरला जवळजवळ ०.९ ओम रोध असतो. डीपीपासून एक किलोमीटरवर फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकींना चिकटल्या, तरी जाऊन-येऊन १.८ ओममधून जेमतेम १३०-१४० अँपिअर वाहतील. पूर्ण शॉर्ट सर्किट झालं तरी तो पेड वितळणार नाही. डीपीच आधी तापून जाईल. ही आकडेमोड मी मामांना फोनवर ऐकवली. ते म्हणाले, "हे सांगायला इंजिनिअर कशाला पाहिजे? दुकानात येऊन बस एक दिवस."

तार तुटून ओलसर वावरात पडली तर? तिथे तर खरा फ्यूजही उपयोगाचा नाही. पडलेल्या तारेला जमिनीतून परत जायला समजा पन्नास ओम लागले, तर करंट पाच अँपिअरच्या आत. शेजारच्या एका मोटारीइतकाही नाही. फ्यूजला मोटार आणि मरणारा बैल यातला फरक कळत नाही. तो डीपी वाचवायला बसवलाय, बैल नाही. बैल आणि त्याच्या मागचा माणूस. या बातम्या दर पावसाळ्यात छोट्या चौकटीत येतात.

आता चौथ्या टोकाला फ्यूज का नसतो ते. जुन्या पद्धतीत दोन्ही तारांत फ्यूज असायचे हे वर आलंच आहे. आमच्या आजोळच्या वाड्यात लाकडी बोर्डावर तशी जोडी मी लहानपणी पाहिलेली आहे. न्यूट्रल जमिनीत गेल्यावर ही जोडी धोक्याची झाली. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, आपण म्हणतो लाइट गेली, आणि तार मात्र जिवंतच असते. १९५६ च्या नियम ३२ ने न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा एकटा स्विच टाकायला बंदी केली. स्विच असलाच तर फेजसोबत एकदम तुटणारा असावा.

पण फ्यूज नसला तरी न्यूट्रल सैल होऊ शकतो. मी बारावीत असताना आमच्या गल्लीत झाला. डीपीच्या बुशिंगवरचा नट ढिला, तिथला जंप जळून सुटला. संध्याकाळी आठची वेळ, सगळ्यांचे टीव्ही चालू. अचानक आमच्याकडचे बल्ब पांढरेफटक झाले आणि समोरच्या घरातले मेणबत्तीएवढे. परतीची तार नसल्यामुळे दोन फेजवरची घरं एकमेकांच्या मागे रांगेत लागली होती. ४१५ व्होल्ट त्यांनी आपापसात वाटून घ्यायचे, आणि वाटणीचा नियम उलटा: ज्याचा लोड कमी त्याला व्होल्टेज जास्त. एका बाजूला शंभर वॉट आणि दुसरीला हजार असले तर शंभरवाल्याला पावणेचारशेच्या वर व्होल्ट मिळतात. दोन मिनिटांत गल्लीतले नऊ टीव्ही, आमचा फ्रीज आणि कोणाकोणाचे मोबाइलचे चार्जर गेले. काका ओरडत होते, "मेन बंद करा, मेन!" एकही फ्यूज उडाला नाही. त्या रात्री अंधारात बसून सगळ्यांनी हिशोब केला तो टीव्हीचा. माणूस कोणी मेलं नाही हे दुसऱ्या दिवशी मामांनी लक्षात आणून दिलं.

जाता जाता, यावर तोडगे आहेत. लांबलचक एलटी लाइन टाकण्यापेक्षा ११,००० व्होल्टची तारच शेतापर्यंत न्यायची आणि दोन-तीन मोटारींना मिळून एक छोटी डीपी द्यायची, ही एचव्हीडीएस योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये कृषिपंपांसाठी आणली. आकडा टाकायला जागा नाही, आणि स्वतःची डीपी म्हटल्यावर किटकॅटमध्ये कोणी पेड पिळत नाही. प्रत्येक डीपीला अर्थिंगचा खड्डा मात्र लागतोच. खड्डे वाढले, पाणी तेवढंच.

घरापुरतं उत्तर ईएलसीबी. जुन्या नियमांत ६१-अ म्हणून त्याची सक्ती आली, पण पाच किलोवॉटच्या आतल्या घरगुती जोडण्या तेव्हा वगळल्या होत्या, म्हणजे आमच्यासारखी घरं सुटली. हे यंत्र करंट किती आहे ते बघतच नाही. गेलेला आणि परत आलेला सारखा आहे का एवढंच बघतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतं. फ्यूजला जे दिसत नाही ते याला दिसतं.

या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा मामांना घेऊन ते बसवलं. घराच्या मागे नवा अर्थिंगचा खड्डाही केला. आजीला आधीच सांगून टाकलं की भांड्यांचं पाणी रोज यात टाकायचं. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

पहिल्याच रात्री साडेदहाला खट्ट झालं आणि घर अंधारात. परत चालू केलं, परत खट्ट. मामांनी एकेक वस्तू काढत नेली. मिक्सर नाही, फ्रीज नाही, बोअरची मोटार नाही. शेवटी निघाला कूलर. पंपाची वायर आतून सोलली होती आणि पाण्यातून पत्र्यापर्यंत पोचली होती. त्याच्या तीन पिनांतली अर्थची पिन कोणीतरी कधीच कापून टाकलेली, दोन पिनांच्या बोर्डात बसावी म्हणून.

मी नंतर हिशोब केला. पिन शाबूत असती, खड्डा सुकलेला पस्तीस ओमचा असता आणि डीपीचा साडेतीन, तर सहा अँपिअर वाहिले असते. सोळाचा फ्यूज उडाला नसता आणि कूलरच्या पत्र्यावर दोनशेच्या वर व्होल्ट राहिले असते. पिन नसताना तर काही बोलायलाच नको.

"मी दोन उन्हाळे सांगायले," आजी म्हणाली, "की कूलरला हात लावला की मुंग्या येतात म्हणून. तुम्हीच म्हणायलात, आजे, तुझं वय झालं."

मामांनी पंप बदलला, नवी पिन बसवली. ती रात्र आम्ही गच्चीवर काढली.